अकरा घरं पुढे

"सर, तुमचा मोबाईल तुमची आई तपासते का?"

हे मी विचारलं. दहावी ब च्या भरलेल्या वर्गात, उभी राहून, शुद्ध मराठीत. शुद्ध मराठीची अट रश्मीची होती. मालवणीत विचारलं तर सर म्हणतील भांडायला उठली, शुद्ध मराठीत विचारलं तर त्यांना धड्यातला प्रश्न वाटेल, असं तिचं म्हणणं. पैज दोन पुड्या खाज्याची. एक पुडी रश्मीची, एक वेनेसाची. मी, मथुरा सुदेश खवणेकर, मागच्या वर्षापर्यंत वर्गात 'हजर' पण पुटपुटत म्हणायची. या वर्षी काय झालंय माहीत नाही, पण कोणी 'विचारून दाखव' म्हटलं की माझे पाय आपोआप उभे राहतात.

मागच्या बाकावरून कोणीतरी फुस्स केलं आणि सगळे फुटले. त्याला कारण होतं. परशुराम सर चाळिशीचे आहेत, आणि त्यांची आई अजून रोज दुपारी शाळेच्या गेटपर्यंत त्यांचा डबा घेऊन येते.

सर आम्हाला कॉम्प्युटर शिकवतात. पण त्या दिवशी ते नोटीस वाचत होते. पालकसभेत ठरल्याप्रमाणे आठवी ते दहावीच्या विद्यार्थिनींनी मोबाईलला कसलंही लॉक ठेवू नये. पालकांनी रोज मेसेज तपासावेत आणि दर आठवड्याला वहीत सही करावी. विद्यार्थिनींनी! मी नीट कान देऊन ऐकलं होतं. विद्यार्थ्यांनी हा शब्द कुठेच नव्हता. जूनमध्ये नववीची एक मुलगी आणि एक मुलगा शाळा बुडवून एसटीने आंबोलीला गेले आणि तिथे भजी खाताना कोणाच्या तरी काकाला दिसले. भजी दोघांनी खाल्ली. मोबाईल तपासायचा फक्त तिचा, आणि तिच्यामुळे आम्हा सगळ्यांचा.

"खवणेकर, बाहेर," सर म्हणाले.

तास संपेपर्यंत मी व्हरांड्यात उभी होते. वेनेसा पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आली आणि जाता जाता पुटपुटली, "पुडी उद्या हाडतंय. पण सर लाल कसले झाले गो! बांगड्याची कडी जशी."

मी हसले. पण राग आला होता, आणि तो आजपर्यंत गेलेला नाही.

---

आमचं घर मालवणच्या दांडीला, किनाऱ्यापासून हाकेवर. बाबांची पर्यटकांना फिरवायची बोट आहे. पावसाळ्यात ती किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली झोपलेली असते आणि बाबा ओटीवर. म्हणजे झोपत नाहीत, पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसतात. सीझनमध्ये ज्या माणसाला जेवायला वेळ नसतो, त्याला जून ते ऑगस्ट करायला काहीच नसतं. तेवढ्यात हे मोबाईल तपासायचं काम शाळेनेच घरी पाठवलं.

पहिल्या दिवशी आई चुलीवर सुके बांगडे भाजत होती. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात माझा मोबाईल. आणि मोठ्याने वाचत होती.

"'गो मथू, उद्या कंपास घेवन ये.' कंपास कित्याक?"

"भूमितीक, आई."

"'गो मथू, माझा पोट दुखता.' ह्या कोणाचा पोट?"

"आई, ता रश्मीचा पोट. तुका काय करूचा आसा?"

"ओवा खा म्हणान सांग तिका." मग ओटीकडे तोंड करून, "अवो, ऐकलात? रश्मी लिवता, भूगोलाच्या बाईंचे केस खोटे."

ओटीवरून बाबा एवढ्या जोरात हसले की कुंपणावरचा कावळा उडाला. दुसऱ्या दिवशी ते केस बंदरावर पोचले, तिसऱ्या दिवशी बाईंच्या घरी, आणि चौथ्या दिवशी रश्मीच्या वडलांनी तिला अख्ख्या वाडीसमोर ओरडून ओरडून रडवलं.

मी बाबांना म्हटलं, "तुमी कित्याक सांगलात?"

"मस्करी गो ती. बाईंका कोणी सांगल्यान ता माका काय ठावक."

बघा, इथे माझं डोकं फिरलं. मोबाईल माझा, हे मान्य. तुम्ही आईबाप, हेही मान्य. पण माझ्या मोबाईलमधले अर्धे शब्द माझे नाहीतच! ते रश्मीचे आहेत, वेनेसाचे आहेत. त्यांनी ते मला दिलेत. तुम्ही माझ्या पिशवीत हात घालता तेव्हा त्यांच्या वस्तू बाहेर काढून बाजारात मांडता. त्यांनी तुम्हाला कधी विचारलंय?

हे सगळं मी बोलले नाही. तेव्हा बोलले नाही, याचा मला आता जास्त राग येतो. मी बोलायच्या ऐवजी प्रोग्राम लिहिला.

---

कॉम्प्युटरच्या तासाला आमचं पायथन सुरू झालं होतं. सरांनी लूप शिकवला, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा कसं करून घ्यायचं ते. मुलांनी त्यात एक ते शंभर आकडे छापले. मी ठरवलं, आपण अक्षरं पळवायची. वाक्यातलं एकेक अक्षर उचलायचं आणि ठरलेली घरं पुढे नेऊन ठेवायचं. किती घरं, ती चावी. वाचणाऱ्याकडे चावी असेल तर तो तितकीच घरं मागे येणार आणि मूळ वाक्य मिळणार. चावी नसेल तर बसा डोकं खाजवत.

आधी मी देवनागरीत केलं. काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे, आणि मध्ये मध्ये नुसती पोकळ वर्तुळं. वेनेसा स्क्रीनकडे बघून म्हणाली, "ह्या वाचूक भटजी बोलवूचो लागात." मग लक्षात आलं, आम्ही मेसेज लिहितो मालवणीत पण अक्षरं इंग्रजी वापरतो. मग इंग्रजीच घ्यायची, फक्त सव्वीस. तरी एक घोळ झाला. झेडच्या पुढे अक्षर गेलं की कंस आणि टिंबं यायची. दोन दिवस मी त्यावर बसले. तिसऱ्या दिवशी एसटीत खिडकीला डोकं टेकून बसले असताना सुचलं, सव्वीसने भागून बाकी घ्यायची. म्हणजे झेड संपला की परत एपासून सुरू, जत्रेतल्या पाळण्यासारखं. बस थांबण्याआधीच मी उठून उभी राहिले आणि कंडक्टर म्हणाला, "बस गो, तुझो स्टॉप येवचो आसा अजून."

त्या दिवशी लॅबमध्ये मी वेनेसाचं नाव टाकलं, चावी दिली, एंटर मारला. समोर काहीतरी भलतंच आलं. ते परत टाकलं, उलट प्रोग्राम चालवला. वेनेसा! जशीच्या तशी! मी किंचाळले. खरंच किंचाळले. सर धावत आले, त्यांना वाटलं करंट बसला.

सरांनी खुर्ची ओढली, प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला. मी वाट बघत होते, आता नोटिशीची आठवण करून देतील. तर ते म्हणाले, "छान आहे. कणकवलीच्या विज्ञान प्रदर्शनात ठेवू. 'माहितीची सुरक्षितता' असं नाव देऊ."

सांगा आता! ज्या माणसाने सकाळी वहीतल्या सह्या तपासल्या, तोच दुपारी माहितीची सुरक्षितता! मी तोंडावर काही आणलं नाही, पण कान गरम झाले.

जाताना सर थांबले. "एक लक्षात घे. चाव्या पंचवीसच आहेत. कोणी चिकाटीने बसलं तर फोडेल. खरोखरची गुप्त गोष्ट यात लिहू नकोस."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, कोण बसणार आहे चिकाटीने? इथे लोकांना एसटीची वाट बघायची चिकाटी नाही.

प्रोग्राम मी तिघींच्या मोबाईलवर टाकला, फुकटच्या एका ॲपमध्ये. चावी ठरली अकरा. ती कुठेच लिहायची नाही, प्रत्येक वेळी प्रोग्राम विचारणार, आपण टाकायची. मधल्या सुट्टीत आवारातल्या सुरूच्या झाडाखाली मी दोघींना मोठ्या ऐटीत सांगितलं, "आता काय वाटेल ते लिवा. कोणाच्या बापाशीक वाचूक येवचा नाय!"

हे माझे शब्द. माझेच.

घरी आईने मोबाईल हातात घेतला, आठ-दहा मेसेज वरखाली केले. "ह्या काय गो? मांजर नाचला काय ह्याच्यावर?"

"कॉम्प्युटरचो अभ्यास."

"मगे ठीक." आणि वहीत सही. माझ्या आईची सही फार सुंदर आहे. त्या दिवशी मला ती बघून गुदगुल्या झाल्या. वाटलं, जिंकले.

---

पंधरा दिवस आम्ही नुसत्या सुटलो होतो. रश्मीने तिच्या वडलांबद्दल जे जे लिहिलं ते मी इथे लिहिणार नाही. मी पण कायकाय लिहिलं. आणि एके संध्याकाळी वेनेसाचा मेसेज आला. मी माडाच्या आळ्यात उभी राहून अकरा टाकले आणि वाचला.

'गो, कोणाक सांगू नको. मम्मीचा कुवेतचा जमला. एका घरात जेवण करूचा काम. व्हिसा पंधरा दिवसांनी येतलो. माका भिया वाटता गो.'

वेनेसाचे वडील, सांतान अंकल, परदेशी बोटीवर नोकरीला होते. दोन वर्षांपूर्वी कंबर दुखावून घरी आले ते आलेच. आता घर चालतं ते लिंडा आंटीवर. ती तारकर्लीजवळच्या एका रिसॉर्टमध्ये स्वयंपाक करते. तिच्या हातची कोंबडीची शाकुती खायला लोक बेळगावहून येतात. ती कुवेतला गेली की घरात वेनेसा, धाकटा ब्रॅंडन आणि कंबरेला पट्टा बांधलेले अंकल. वेनेसाला कशाची भीती वाटत होती हे मला न लिहिता कळलं. मी अर्धा तास उत्तरं देत उभी होते. डास चावून पाय सुजले.

आमच्याकडे व्हिसा हातात पडेपर्यंत कोणी अक्षर काढत नाही. बोटीवर जाणारा असो की आखातात, हिंदू असो की ख्रिश्चन. बॅग भरून दारात ठेवलेली असली तरी शेजाऱ्याने विचारलं तर म्हणायचं, 'खंय काय, बघूया.' दृष्ट लागते म्हणतात. मला दृष्टबिष्ट पटत नाही. पण ती पद्धत कशासाठी आहे ते आता मला कळलंय. नवं काम हातात यायच्या आधी जुनं सुटू नये, यासाठी आहे ती.

---

नारळी पौर्णिमेला अख्खं मालवण बंदरावर असतं. सोन्याचा नारळ समुद्राला जातो, मग बायका नारळ लढवतात, म्हणजे एकीने नारळ धरायचा आणि दुसरीने आपल्या नारळाने तो फोडायचा. आई दरवर्षी उतरते. मी तिच्या फुटलेल्या नारळांची पिशवी धरून उभी होते आणि मागे बाबांचा आवाज आला. बाबा धोंडूकाकांशी बोलत होते. धोंडूकाका त्यांच्या बोटीवर असतात. आजूबाजूला पाच-सहा माणसं.

"अरे धोंडू, माझ्या चेडवान कॉम्प्युटरवर कोड बनवल्यान! अक्षरां इंग्रजी, पण वाचूक गेलंस तर कायएक कळूचा नाय."

"काय सांगतंस!"

"मगे! पण बापूस कोणाचो? बसलंय चार दिवस तिचो मोबाईल आणि पेपर घेवन. पयला काय बघलंय, सगळे मेसेज आर-झेडपासून सुरू. आर-झेड, आर-झेड. म्हटलंय, ह्यो दोन अक्षरांचो शब्द कसलो? तू सांग, चेडवां एकमेकांक बोलूक लागली की पयलो शब्द काय?"

धोंडूकाकांनी क्षणभर विचार केला. "गो?"

"गो!" बाबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "जी आणि ओ. जीपासून आर मोज, अकरा. ओपासून झेड मोज, अकरा. फुटला! मगे काय, शब्दकोड्यापेक्षा सोपा."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. मी एवढं सगळं केलं होतं. झेडवरून एवर आणलं, चावी लिहून ठेवली नाही. आणि आम्ही तिघी प्रत्येक मेसेजला दारातच 'गो' म्हणून ओरडत होतो. 'गो' न म्हणता आम्हाला हाकच मारता येत नाही! आणि खरं सांगू? त्या क्षणी, अगदी एकच क्षण, मला बाबांचं कौतुक वाटलं. माझ्या प्रोग्रामसमोर कोणीतरी चिकाटीने बसलं होतं.

मग धोंडूकाकांनी विचारलं, "आणि लिवतत काय त्यात?"

मी "बाबा!" म्हणून ओरडले. ढोल वाजत होते.

"काय नाय रे, चेडवांच्या गजाली. ही सांतानची वेनेसा नाय? तिची आवस कुवेताक चलली. व्हिसो येता म्हणे पंधरा दिवसांनी. बरा झाला बिचाऱ्यांचा."

"लिंडा?" बाजूच्या घोळक्यातून एक माणूस वळला. शर्टाची इस्त्री कडक, गळ्यात चेन. विनीतशेठ. तारकर्लीच्या त्या रिसॉर्टचे मालक. "सुदेश, आमची लिंडा?"

बाबांचा चेहरा अजून हसराच होता. हसणं ओठांवरून उतरायला वेळ लागला.

"माका... म्हणजे नक्की काय ठावक नाय हां शेठ. चेडवांचा लिवणा ता."

"बरा झाला सांगलंस," विनीतशेठ म्हणाले. "सप्टेंबरात सीझन सुरू. मी आयत्या वेळी खंय शोधू?"

---

सोमवारी वेनेसा माझ्या बाकावर नव्हती. खिडकीजवळ, एकटी. मधल्या सुट्टीत मी तिला सुरूच्या झाडाखाली गाठलं.

"वेनेसा, ऐक—"

"मम्मीक काल काढल्यानी." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "शेठ म्हणालो, जातलंच आसस तर आजच जा, माका दुसरी गावली. आणि व्हिसा इलो नाय. एजंट म्हणता अजून दोन महिने, नायतर तीन. पप्पा काल जेवले नाय."

"माका ठावक नव्हता गो बाबा फोडतले म्हणान. सर म्हणालेले, पण मी—"

"सर काय म्हणालेले?"

आता लपवून काय उपयोग? "की खरी गुप्त गोष्ट ह्याच्यात लिवू नको."

"आणि तू आमका काय सांगलंस?"

मी काय सांगितलं होतं ते तिला पाठ होतं. मलाही.

"मी तुझ्या बापाशीक सांगूक नव्हता," वेनेसा म्हणाली. "मी तुका सांगललंय, मथुरा."

मथू नाही. गो नाही. मथुरा. एखाद्या सरकारी फॉर्मवर लिहावं तसं. ती गेली. रश्मी मागे उभी होती, ती पण तिच्यामागे गेली.

मला रडायला येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मला एवढा राग आला होता की घरापर्यंत मी एसटीने न जाता चालत गेले, आणि वाटेत एका कुंपणाला एवढ्या जोरात पाय मारला की अजून अंगठा काळा आहे. राग बाबांचा होता. सरांचा, नोटिशीचा, विनीतशेठच्या इस्त्रीचा होता. माझा स्वतःचा पण होता, आणि तो सगळ्यात जास्त टोचत होता. मी हुशारीच्या नादात मैत्रिणींना कडी लावलेलं दार म्हणून पडदा विकला होता.

पण चालता चालता एक गोष्ट साफ दिसली. माझा प्रोग्राम कच्चा होता, ही चूक माझी. तो फोडून वाचायचं मात्र मी कोणाला सांगितलं नव्हतं. दाराची कडी ढिली असली म्हणून कोणी कोणाच्या घरात शिरत नाही. या दोन चुका एकमेकींत मिसळायच्या नाहीत. मोठी माणसं बरोब्बर तेच करतात. तुझी पण चूक आहे ना, मग गप्प बस.

---

बाबा ओटीवर होते. समोर पेपर, पण कोडं कोरं. त्यांना कळलेलं होतं. मालवणात काय कळायला वेळ लागतो?

"तुमी आत्ता जावा विनीतशेठकडे," मी चपला काढायच्या आधी म्हटलं. "सांगा, माझ्या चुकीन झाला, लिंडा आंटीक परत घेवा."

"बाये, तसा नसता ता..."

"कसा नसता? बंदरावर सांगूक येता, मगे रिसॉर्टवर सांगूक येवक होया!"

आई आतून धावत आली, हाताला पीठ. "मथू, आवाज खाली. बापाशीवर ओरडतंस?"

"हो! ओरडतंय!"

बाबा उठले. स्कूटरची किल्ली घेतली आणि गेले. आई माझ्यासमोर पाटावर बसली.

"आमी काळजीन वाचतो गो," ती म्हणाली. "उद्या तुका काय झाला तर? त्या आंबोलीच्या चेडवासारखा?"

"त्या चेडवाक काय झाला आई? तेणी भजी खाल्ल्यान! आणि काळजीन वाचतास ना तुमी? मगे रश्मीचे केस बंदरावर कशे गेले? लिंडा आंटी बंदरावर कशी गेली? काळजीन वाचतास आणि मजेन सांगतास."

"मी खंय कोणाक सांगलंय?"

"तू बाबांका वाचून दाखवलंस. मोठ्यान. चिमटो हातात घेवन."

आईने पदराने हात पुसले. पीठ गेल्यावरही ती पुसतच राहिली. शेजारच्यांचा कोंबडा उगाच आरवत होता.

बाबा परत आले तेव्हा अंधारायला लागलं होतं. स्कूटर त्यांनी लांबच बंद केली आणि ढकलत आणली. ओटीच्या पायरीवर बसले.

"नाय म्हणालो," ते म्हणाले. "दुसऱ्या बाईक शब्द दिलो म्हणता. मी पाया पडूचा तेवढाच बाकी ठेवलंय." मग चपला काढत, "येताना सांतानकडे गेल्लंय. दार उघडल्यान. बस म्हणालो नाय. पयल्यांदा, गो. वीस वर्सांत पयल्यांदा."

मला त्यांची दया आली, हे मी लिहून ठेवते. पण दया आली म्हणून राग गेला नाही. दोन्ही एकाच वेळी असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"लिंडा आंटी काय म्हणाली?"

"काय म्हणतली? चाय विचारल्यान." बाबांनी डोळे चोळले. "माका शिव्या दिल्यान असत्यो तर बरा झाला असता."

आईने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. बाबांनी तो उचलला नाही. खिशातून माझा मोबाईल काढला आणि माझ्याकडे धरला. तो त्यांच्याच खिशात होता सकाळपासून. "घे. मी आता वाचूचंय नाय. माझी शपथ. तू तुझा काय ता लिव."

"आणि वहीत सही?" आईने हळूच विचारलं.

"सही करूया नुसती. वाचल्याशिवाय. शाळेक काय कळता?"

मी मोबाईल घेतला. दोघं माझ्याकडे बघत होते, आता मी हसेन म्हणून. बाबांना वाटत होतं त्यांनी मला काहीतरी दिलं. आणि मी जर तेव्हा 'बरं' म्हटलं असतं तर ते त्यांनी दिलेलंच झालं असतं. आज दिलं, उद्या आठवण झाली की परत घेतलं. आणि वर शाळेला खोटी सही. त्यातून वेनेसाला काय मिळालं असतं? रश्मीला काय?

माझे पाय आपोआप उभे राहिले.

"नाय बाबा," मी म्हटलं. "तुमी वाचूचा की नाय ता तुमी ठरवू नका. मी ठरवलंय. आजपासून माझ्या मोबाईलाक पिन आसतलो, आणि तो मी तुमका सांगूचंय नाय. आई, तुका पण नाय. सही पण करू नका, नुसती पण नको. उद्या ती वही मी कोरी सरांच्या टेबलावर ठेवतलंय. त्यांनी कारण इचारला तर सगळ्या वर्गासमोर सांगतलंय की माझ्या घरात माझे मेसेज वाचल्यानी आणि त्याच्यापायी एका घराची चूल बंद पडली. वेनेसाचा नाव घेवचंय नाय. तुमचा घेतलंय. मगे शाळेन तुमका बोलावल्यानी, तर दोघांनीय येवा."